गादी, गॅप आणि नस : तुमचा एमआरआय रिपोर्ट आपण बसून वाचू

वाचकाचं पत्र

«नमस्कार ताई. मी ३९ वर्षांची, राहायला नागपुरात मानेवाड्याला. बुटीबोरीच्या शाळेत शिकवते, रोज ॲक्टिव्हाने जाणं-येणं. दिवाळीच्या साफसफाईत पाण्याची बादली उचलताना कंबरेत उसण भरली. चार दिवसांनी डावा पाय धरला. कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीतून थेट करंगळीपर्यंत कळ जायची. कित्येक रात्री बसून काढल्या. सहाव्या दिवशी एमआरआय केला. आता सात आठवडे झाले. पाय निम्म्याहून जास्त बरा आहे, करंगळीकडे थोडं बधिर लागतं. पण रिपोर्ट वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. त्यात लिहिलंय : लॉस ऑफ लंबर लॉर्डोसिस, मल्टिलेव्हल डिजनरेटिव्ह डिस्क डिसीज, एल४-एल५ला डिफ्यूज बल्ज आणि ॲन्युलर टीअर, एल५-एस१ला डाव्या बाजूला प्रोट्रूजन आणि एस१ नर्व्ह रूटवर दाब, फॅसेट आर्थ्रोपॅथी, आणि डी१२मध्ये हेमँजिओमा. शेजारच्या काकू म्हणतात, गॅप आली म्हणजे ऑपरेशनच, आणि ऑपरेशन केलं की लकवा. सासूबाईंनी जमिनीवर झोपायला लावलंय. बेल्ट दिवसभर असतो. मी वाकणं बंद केलंय. माझी पोट्टी तीन वर्षांची आहे, तिला सहा आठवडे उचललं नाही. ती हात वर करून समोर उभी राहते आणि मी सांगते, आईची पाठ मोडली. ताई, माझी पाठ खरंच मोडली का? सोबत रिपोर्टचा फोटो पाठवते आहे.»

उत्तर

नाही, ताई. तुमची पाठ मोडलेली नाही. तुमच्या रिपोर्टमध्येच तसं लिहिलंय, पण त्या ओळींकडे कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून आपण तिथूनच सुरुवात करू.

त्याआधी मला काही गोष्टींची खात्री हवी आहे, कारण त्या पत्रात आलेल्या नाहीत. लघवी नेहमीसारखी होते ना? लागल्याचं कळतं, सुरू करताना जोर लावावा लागत नाही, पूर्ण होते? शौचाच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला, म्हणजे सायकलच्या सीटला जेवढा भाग टेकतो तेवढ्यात, बधिरपणा नाही ना? दोन्ही पाय एकदम लटके पडल्यासारखे वाटत नाहीत ना? यातलं एकही उत्तर बिघडलेलं असेल तर हे वाचणं इथेच सोडा आणि रात्र असली तरी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत जा, मानेवाड्याहून ते जवळच आहे. कंबरेतल्या नसांचा सगळा जुडगा एकदम दाबला गेला की असं होतं. फार थोड्यांना होतं, पण ज्यांना होतं त्यांच्याकडे वेळ तासांत मोजायचा असतो, दिवसांत नाही. संध्याकाळचा ताप, विनाकारण घटणारं वजन, पडून राहिल्यावरही न थांबणारी रात्रीची दुखण, हेही डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण आपल्या भागात मणक्याचा टीबी अजून दिसतो.

हे सगळं ठीक असेल तर आता रिपोर्ट काढा. दुसऱ्या पानावरचं ‘इम्प्रेशन’, म्हणजे शेवटचा निष्कर्ष, बाजूला ठेवा आणि पहिलं पान वाचा. मणक्यांची उंची नॉर्मल. हाडाच्या आतल्या मगजाचा रंग नॉर्मल. फ्रॅक्चर नाही. आजूबाजूचे मऊ भाग नॉर्मल, म्हणजे पू नाही, गाठ नाही. आणि एक छोटी ओळ आहे : कोनस एल१ला संपतो, नॉर्मल. या ओळी ठळक अक्षरात छापत नाहीत, पण एमआरआय मुख्यत्वे त्यांच्यासाठीच करतात. मोडलेलं हाड, टीबी, कॅन्सर, पू, असं काही तर नाही ना, हे पाहायला आपण त्या बोगद्यात वीस-पंचवीस मिनिटं धडधड ऐकत पडून राहतो. तुमच्या बाबतीत उत्तर आलंय : ‘नाही’.

त्या कोनसच्या ओळीतच काकूंच्या लकव्याचं उत्तरही आहे. मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून खाली येणारा तो मुख्य दोर, कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या टोकाला कोनस म्हणतात. खाली एल४-एल५ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, आणि एल५-एस१ला, म्हणजे पाचवा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी हाड यांच्यामध्ये, मज्जारज्जू नसतोच. तिथे पाण्याने भरलेल्या पिशवीत सुट्या नसा लोंबत असतात. लॅटिनमध्ये त्यांना घोड्याची शेपटी म्हणतात, आणि दिसतातही तशाच. तेव्हा तुमच्या जागी चकती फुगली म्हणून सगळं अंग लुळं पडेल, असं होत नाही. एखाद्या नसेचं काम मंदावू शकतं, आणि त्या सगळ्या जुडग्याला धोका झाला तर काय होतं ते मी वर सांगितलं. दोन्ही गोष्टी तपासता येतात.

आता आपल्या बोलीतले तीन शब्द, कारण मला वाटतं निम्मी भीती त्यांच्यातूनच येते.

पहिला, गादी सरकली. गादी म्हटलं की डोळ्यांसमोर पलंगावरची कापसाची गादी येते, ढकलली की सरकणारी. पण दोन मणक्यांमधली चकती अशी मोकळी ठेवलेली नसते. वरच्या आणि खालच्या हाडात तिचे धागे विणलेले असतात. बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चिवट थर आणि आत ओलसर मऊ गर. ती सरकत नाही. काठाने थोडी फुगते (बल्ज), किंवा एखाद्या जागी थरांना फट पडून आतला गर बाहेर येऊ बघतो (प्रोट्रूजन). माझ्या टेबलावर बरीच वर्षं प्लास्टिकचा एक मणका होता. दोन मणके दाबले की मधून लाल जेली पचकन बाहेर यायची आणि पिवळ्या नसेला टेकायची. समजवायला सोपं जातं म्हणून मी तो प्रत्येकाच्या हातात द्यायचे. एकदा एक मुलगा परत आला. दुखणं कधीच थांबलेलं होतं, पण दोन वर्षं त्याने बुटांची लेस स्वतः बांधली नव्हती, आईकडून बांधून घ्यायचा. म्हणाला, “वाकलो की ती लाल जेली दिसते.” त्या संध्याकाळी मी तो मणका कपाटात टाकला. खरी चकती अशी नसते. वाकलं म्हणून ती पिचकारीसारखी उडत नाही.

दुसरा, गॅप आली. आपल्याकडे सगळ्यांत जास्त हाच शब्द चालतो आणि तो अगदी उलटा आहे. वयाबरोबर चकतीतलं पाणी कमी होतं, तिची जाडी घटते, दोन मणके एकमेकांच्या थोडे जवळ येतात. म्हणजे गॅप असलीच तर कमी होते. तुमच्या रिपोर्टमध्ये ज्याला डिजनरेटिव्ह डिस्क डिसीज म्हटलंय ते हेच. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, म्हणून पाणीदार चकती उजळ आणि सुकलेली चकती काळी. ‘डिसीज’ या शब्दाने घाबरायला होतं, पण हे केस पांढरे होण्यासारखंच शरीराचं वाढतं वय आहे. शिवाय ही जाडी रोजच बदलते. रात्रभर आडवं पडल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात, दिवसभर उभं-बसून पुन्हा दबतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा साधारण सेंटीमीटरभर उंच असतो. पुढे कामाचं सांगताना मला हे पुन्हा लागणार आहे.

तिसरा, नस दबली. मराठीत नस म्हणजे रक्तवाहिनीही, स्नायूचा ताणलेला दोरही आणि मेंदूची तारही. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘इंडेंटिंग द थेकल सॅक’ असं आहे, त्याचं घरी कुणीतरी ‘नसांची पिशवी दबली’ असं भाषांतर केलेलं दिसतं. शब्द खरा आहे, अर्थ जास्त झालाय. पाण्याने भरलेल्या त्या पिशवीला फुगलेला काठ बोटाने स्पर्श करावा तसा टेकतो, आतल्या नसा पाण्यात बाजूला होतात. याने दुखलंच पाहिजे असं काही नाही.

आणि मग ती मोठी गोष्ट, जी काकूंनाही सांगा. हे सगळं न दुखणाऱ्या माणसांच्या कंबरेतही दिसतं, आणि भरपूर दिसतं. २०१५ साली ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी ३३ अभ्यास एकत्र करून ३,११० अशा लोकांची चित्रं पाहिली ज्यांना कंबरदुखी नव्हतीच. चाळिशीच्या लोकांमध्ये १०० पैकी ६८ जणांच्या चकत्या झिजलेल्या होत्या, ५० जणांना बल्ज होता, ३३ जणांना प्रोट्रूजन. विशीतसुद्धा १०० पैकी ३७ जणांच्या चकत्यांत बदल होते, आणि ऐंशीला पोचेपर्यंत ९६ जणांच्या. तुमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तुमच्या वयाच्या दहा शिक्षिका बसल्या असतील तर पाच जणींच्या रिपोर्टवर डिस्क बल्ज लिहिलेलं येईल, आणि त्या दुपारी डबा खाऊन तासाला निघून जातात.

म्हणून रिपोर्टमधली ओळ आणि तुमचं दुखणं यांची जोडी लागते का, हे बघावं लागतं. रेडिओलॉजिस्टने तुम्हाला पाहिलेलं नसतं. त्याच्याकडे येणाऱ्या कागदावर बहुतेक वेळा ‘लो बॅक पेन’ एवढेच शब्द असतात. चित्रात जे दिसतं ते सगळं तो प्रामाणिकपणे लिहितो, आणि त्यातली कुठली ओळ तुमची आणि कुठली वयाची, हे तुम्हाला हात लावून तपासणाऱ्यालाच ठरवता येतं. २०१७मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. सायटिका, म्हणजे कंबरेतून पायात जाणारी कळ, असलेल्या ६३ वर्षांच्या एका बाईंचा तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या सेंटरमध्ये एमआरआय केला. दहा रिपोर्टमध्ये मिळून ४९ वेगवेगळे दोष लिहून आले, आणि त्यातला एकही दोष दहाही रिपोर्टमध्ये नव्हता. पाठ तीच, बाई तीच. म्हणून धंतोली-रामदासपेठेत एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाऊन दुसरा एमआरआय करून घेण्याचा विचार मनात असेल तर तो सोडा. खात्री वाढणार नाही, ओळी वाढतील.

तुमची जोडी लावून पाहू. कंबरेची वळणं सपाट झाली, म्हणजे ‘लॉस ऑफ लॉर्डोसिस’ : तुम्ही दुखत असताना, स्नायू आखडलेले असताना, गुडघ्यांखाली उशी घेऊन उताण्या पडलात. कुणाचीही कंबर तशी सपाट दिसते. ही ओळ खोडा. फॅसेट आर्थ्रोपॅथी म्हणजे मणक्याच्या मागच्या बारक्या सांध्यांची झीज, वयाबरोबर येणारी. सोडून द्या. डी१२मधला, म्हणजे छातीच्या शेवटच्या मणक्यातला, हेमँजिओमा ही हाडातल्या रक्तवाहिन्यांची जन्मजात-सारखी निरुपद्रवी गुंडाळी. साधारण दहातल्या एका माणसाच्या मणक्यात ती असते आणि मरेपर्यंत त्याला कळत नाही. ही कॅन्सरची गाठ नव्हे. पत्रात तुम्ही हा शब्द शेवटी लिहिलात, पण मला वाटतं रात्री झोप उडते ती याच शब्दाने.

‘ॲन्युलर टीअर’ वाचून चकती फाटली असं वाटतं. हा शब्द डॉक्टरांनाच खटकला. २०१४ साली मणक्याच्या आणि रेडिओलॉजीच्या संघटनांनी मिळून जी शब्दांची यादी काढली तिच्यात ‘टीअर’ टाळून ‘फिशर’, म्हणजे फट, असं लिहावं म्हटलंय, कारण ‘टीअर’ म्हटलं की झटक्याने फाटल्याचा भास होतो आणि बहुतेकदा तसं झालेलं नसतं. आपल्याकडे जुना शब्द अजून चालतो.

राहिली एक ओळ : एल५-एस१, डावीकडे, एस१ नसेवर दाब. ही मात्र तुमची आहे. एस१ नस कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीतून पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपर्यंत जाते. तुम्ही पत्रात बोटाने नकाशा काढावा तसा तोच रस्ता लिहिलाय. बाजू डावी, दुखणं डावं, बधिरपणा करंगळीकडे. कळ अंगठ्याकडे गेली असती तर मी एल४-एल५च्या ओळीकडे, एल५ नसेकडे, जास्त बघितलं असतं. सहा ओळींपैकी एक ओळ तुमच्या दुखण्याशी जुळते, आणि त्या ओळीचं पुढे काय होतं हे आपल्याला बरंच माहीत आहे.

काय होतं, तर बहुतेक वेळा शरीर ते स्वतः आवरतं. बाहेर आलेल्या गराला रक्तातल्या पेशी परकं समजून हळूहळू खातात, सूज ओसरते, नस शांत होते. २०१५च्या एका एकत्रित अभ्यासात प्रोट्रूजन आपोआप आकसल्याचं ४१ टक्के लोकांत दिसलं. गर जास्त बाहेर आलेल्यांत, म्हणजे एक्स्ट्रूजनमध्ये, ७० टक्के, आणि तुकडाच सुटून पडलेल्यांत ९६ टक्के. म्हणजे चित्रात जे जास्त भीतीदायक दिसतं तेच जास्त वेळा विरतं. आणि चित्र तसंच राहिलं तरी दुखणं जाऊ शकतं, कारण दुखण्यात दाबाइतकाच सुजेचाही वाटा असतो. सातव्या आठवड्याला तुमचा पाय निम्म्याहून जास्त बरा झालाय. ही बातमी रिपोर्टपेक्षा ताजी आहे. रिपोर्ट सहाव्या दिवसाचा आहे, सगळ्यात वाईट दिवसांमधला. पायातली ताकद चांगली असेल आणि धोक्याची लक्षणं नसतील तर पहिले सहा आठवडे एमआरआयची घाई करू नये असं म्हणतात, ते यासाठीच.

ऑपरेशनबद्दल मी कुठल्याच बाजूने ओढणार नाही. ते वाईट नाही, योग्य माणसाला फार उपयोगी आहे. नेदरलँड्समध्ये २००७ साली सहा ते बारा आठवडे जोरदार सायटिका असलेल्या २८३ जणांचा अभ्यास छापून आला. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं, दुसऱ्याला थांबवलं, नाहीच सोसवलं तर करू म्हणून. ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर शांत झाला. वर्षाच्या शेवटी दोन्ही गट सारखेच, ९५ टक्के बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी पुढे ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा कळ असह्य असेल, हटत नसेल, किंवा पायातली ताकद जात असेल तर ऑपरेशनचा विचार करावा. रिपोर्टवर ‘प्रोट्रूजन’ लिहिलंय एवढ्यासाठी नाही, आणि तुमच्यासारखा पाय दर आठवड्याला सुधारत असेल तर आज नाही.

ताकद कशी बघायची ते दाखवते, कारण एमआरआयमधून ती दिसत नाही. स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहा, दोन बोटं आधाराला टेकवा. आधी उजव्या पायावर उभं राहून टाच उचला, खाली आणा, गुडघा सरळ ठेवून. दमेपर्यंत मोजा. मग डावा. एस१ नस पोटरी चालवते, त्यामुळे तिला त्रास असला तर इथे पटकन उमगतं. उजवी वीस आणि डावी पंधरा आली तर काळजी नको, दर रविवारी वहीत लिहा, वाढत जाईल. डावी टाच एकदाही पूर्ण उचलत नसेल, किंवा मागच्या रविवारी दहा होती आणि या रविवारी चार झाली, तर दोन-तीन दिवसांत मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा, रविवारची वाट पाहू नका. करंगळीचा बधिरपणा मात्र रेंगाळतो. कळ गेल्यावरही काही महिने तो राहतो आणि त्याचा अर्थ बिघडलं असा नसतो.

आता तुमच्या घरातलं. जमिनीवरची चटई गुंडाळून ठेवा. २००३मध्ये स्पेनमध्ये ३१३ कंबरदुखीच्या लोकांवर अभ्यास झाला, त्यात टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. आपली कापसाची गादी पिंजून घेतली, मध्ये खळगा नसला की पुरते. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी काळजीपोटीच सांगितलंय. त्यांच्या पिढीला डॉक्टरांनी फळीवरच झोपवलं होतं. बेल्ट प्रवासापुरता, घरी काढा. पाठीचे स्नायू झोपून राहिले तर बेल्टशिवाय चालण्याचीच भीती बसेल. गोळ्या चालू असतील तर ज्यांनी दिल्या त्यांना विचारून कमी करा, विशेषतः नसेच्या गोळ्या एकदम बंद करू नका. आणि पाय झटक्याने ओढून ‘नस मोकळी’ करून देणाऱ्यांकडे, कितीही नाव असलं तरी, सध्या जाऊ नका.

वाकणं परत सुरू करा. फक्त उठल्यानंतरचा पहिला तासभर नाही, कारण तेव्हा चकत्या पाणी पिऊन टम्म असतात. सकाळी सहाच्या थंडीत घाईघाईने झाडू, पोछा, बादली, मग थेट वर्धा रोड, हा क्रम बदलता आला तर बघा. पोछा संध्याकाळी. शक्य तेव्हा महिनाभर छत्रपती चौकातून मेट्रोने खापरीपर्यंत जा, पुढे बस. उभं राहायला मिळतं, पाय मोकळे होतात आणि खड्डे चुकतात. गाडीने जावंच लागलं तर मध्ये दोन मिनिटं उतरा. वर्गात तुम्ही उभ्या असताच, वह्या तपासताना मात्र अर्ध्या तासाने उठा. रोज चाला, आज दहा मिनिटं जमत असतील तर दहाच, पुढच्या आठवड्यात पंधरा. थोडं दुखलं म्हणून काही फाटत नाही. चालून आल्यावर रात्रभर पाय ठणकला तर दुसऱ्या दिवशी थोडं कमी चाला, थांबू नका.

आणि पोट्टी. तीन वर्षांचं लेकरू तेरा-चौदा किलोचं असतं, ते एकदम नको. आज संध्याकाळी सोफ्याच्या कडेला बसा आणि तिला स्वतः मांडीवर चढू द्या. छातीशी घट्ट धरून तशाच बसून राहा. दोन-तीन दिवस एवढंच. तिकडे ओट्यावरून आट्याची पाच किलोची पिशवी पोटाशी धरून उचलायला सुरुवात करा, मग स्टुलावरून. ते सहज झालं की दहा किलो. मग ती मांडीवर असताना पाय जवळ घेऊन तिच्यासकट उभ्या राहा. साधारण दोन-तीन आठवड्यांत हे जमायला हवं. जमिनीवरून उचलणं सगळ्यात शेवटी. मधल्या काळात तिने हात वर केले तर “मोडली” म्हणू नका, “थांब, आई बसते, तू चढ” म्हणा. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेखरन यांच्या गटाने २०२१मध्ये छापलेला एक अभ्यास मी माझ्या पेशंटना मुद्दाम सांगते. कंबरदुखीच्या लोकांचे त्यांनी दोन गट केले. एकाला एमआरआयमधला प्रत्येक दोष समजावून सांगितला, दुसऱ्याला सांगितलं की वयाप्रमाणे आहे, काळजीचं काही नाही. उपचार दोघांना सारखेच. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाचं दुखणं कमी उतरलं होतं आणि आपली पाठ कमकुवत आहे अशी त्यांची समजूत झाली होती. तुमचेही सहाच आठवडे झालेत, आणि तुम्ही तो शब्द रोज तोंडाने म्हणताय, तोही लेकीसमोर.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा रिपोर्ट टेबलावर ठेवण्याआधी बोटाने पाय दाखवा, कळ कुठून कुठे जाते ती रेघ. मग विचारा : यातली कुठली ओळ माझ्या पायाशी जुळते? माझी पोटरी आणि घोट्याचा रिफ्लेक्स कसा आहे? अजून किती आठवडे थांबलं तर चालेल, आणि काय झालं तर लगेच यायचं? एम्सच्या ओपीडीत असो की घराजवळच्या दवाखान्यात, या तीन प्रश्नांना पाच मिनिटं पुरतात.

फिल्म घरी कपाटात सपाट ठेवा. गाडीच्या डिक्कीत राहू देऊ नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या काळ्या पडतात. सेंटरवाल्यांकडून सीडीही मागून घ्या. आणि या रविवारी ओट्याशी उभं राहून डावी टाच किती वेळा उचलली, तो आकडा मला लिहून पाठवा.